पाय धू

‘मुडदा बशिवला तुझा!’ आजी पडद्याकडे बघून ओरडली आणि पुढं बसलेल्या बायांनी कडाकडा बोटं मोडली. योगेश्वरीच्या मार्गशीर्षातल्या उत्सवाला आम्ही केजकडून बैलगाडीनं अंबाजोगाईला आलो होतो. तंबूत बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या. पडद्यावर निळू फुले. त्यांनी अजून काही केलंही नव्हतं, नुसती मान तिरपी करून एका पोरीकडं बघितलं होतं.

ह्याच आजीनं ‘संत तुकाराम’ बघायला जाताना तंबूबाहेर वहाणा काढल्या होत्या. विष्णुपंत पागनीस दिसले की तिचे हात जोडले जायचे. पिक्चर १९३६ चा, पागनीस १९४३ सालीच गेलेले. पण तिच्या लेखी ते तुकोबाच. एकाला न केलेल्या पुण्याचा नमस्कार, दुसऱ्याला न केलेल्या पापाचा मुडदा. हा कुठला हिशेब?

अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी, दासोपंतांची पासोडी. मायेवर बोलणारांना इथं तोटा नाही. आमच्याकडच्या एका कीर्तनकारबुवांना मी विचारलं. ते म्हणाले, ‘बहुरूपी फौजदार होऊन दारात येतो, म्हणून काय तुला बेड्या घालतो? नटाला वेशाचं काही लागत नसतं.’ उत्तर वेदान्ताला धरून होतं. ऐकायलाही गोड. आणि फुल्यांचं चरित्र बघितलं तर बुवा खरेच ठरतात. पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडलेला, पुढं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत उभा राहिलेला हा माणूस. १९६८ च्या ‘एक गाव बारा भानगडी’त झेलेअण्णा झाला आणि गावोगावच्या बायांच्या शिव्यांचा धनी झाला.

पण मग ती तिरपी मान आली कुठून? ‘सामना’तला साखरसम्राट हिंदूराव बघताना आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला तो परका वाटतच नाही. दिवाळी झाली की आमची निम्मी गावं मुकादमाची उचल फेडायला कारखान्यांच्या ऊसतोडीवर जातात. हिंदूराव फुल्यांनी कुठून तरी उचलला असणार. नुसता बाहेरून उचलून भागतं का, ह्यावर मात्र बुवा बोलले नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव एवढुसा आहे. गावच्या नाटकात मी मुकादम झालो होतो. टोळीतल्या एका कोयत्याचं, म्हणजे नवराबायकोचं, भाकरीचं गठुडं लाथेनं उडवायचं, असा प्रसंग. तालमीत पाय उचलेना. भाकरीला पाय लावायचा म्हणजे काय! प्रयोगाच्या रात्री गॅसबत्त्या लागल्या, समोर सगळं गाव बसलं, आणि पाय असा उचलला गेला की गठुडं सुटून भाकरी पेटीवाल्याच्या मांडीवर पडली. सगळं चिडीचूप. ती शांतता मला आवडली. इतकी, की शेवटची शिवी मी पदरची घातली. ती लिहिलेली नव्हती.

घरी आलो तेव्हा मिशी काढलेली, फेटा परत केलेला. आजी ओट्यावर बसली होती. नाटक बघून तीही आत्ताच आलेली. मला वाटलं, आता मुडदा बसतोय. ती काही बोलली नाही. रांजणातून तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं ठेवला.

‘पाय धू आन् मग आत ये.’

वेश तर केव्हाच उतरवला होता, हे मी तिला सांगणार होतो. उजवा पाय आधी धुतला.