चुना, सुपारी आणि प्राणवायू

शिवाजी पेठेत काय किंवा कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत काय, पानपट्टीवर मावा सारखाच तयार होतो. कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घेऊन ऊब येईपर्यंत चोळायचा, गालात धरायचा. तंबाखूची निपाणी इथून जवळच, मशेरीची सवयही या भागात जुनी. त्यामुळे तोंडाचा कर्करोग आपल्याला परका नाही. पण त्या पुडीत नेमके काय घडते, हे समजायला विज्ञानाला अर्धे शतक लागले.

तंबाखू आणि मुखकर्करोग यांचा संबंध 1940च्या दशकात टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांनी शेकडो रुग्ण तपासून मांडला. आरोपी सापडला होता, गुन्ह्याची रीत सापडायची होती. ती सापडली वेगळ्याच वाटेने. क्ष-किरण आणि अतिरिक्त प्राणवायू पेशींना एकाच पद्धतीने, फ्री रॅडिकल्सच्या, म्हणजे अतिक्रियाशील रेणूंच्या, मार्गाने इजा करतात, असे रेबेका गर्शमन यांनी 1954 मध्ये सुचवले. 1969 मध्ये मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी असे एक रॅडिकल, म्हणजे सुपरऑक्साइड, निकामी करणारे विकर ओळखले. शरीराने बंदोबस्त केलाय, म्हणजे धोका खरा आहे, हे त्यातून पटले. हल्ला बंदोबस्तावर मात करतो त्या अवस्थेला 1985 मध्ये हेल्मुट सीस यांनी 'ऑक्सिडेटिव्ह ताण' म्हटले.

मग पाळी आली पुडीची. 1980च्या दशकातल्या प्रयोगांत दिसले, की चुन्याने मिश्रण अल्कधर्मी झाले की सुपारीतली पॉलिफिनॉल्स हवेतल्या प्राणवायूशी अभिक्रिया करतात. सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात आणि डीएनएला इजा होते. म्हणजे चुना केवळ चवीपुरता नाही, तो ही अभिक्रिया पेटवतो. तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये जाहीर केले.

इथून एक सोपा निष्कर्ष निघाला: ताण वाईट, तर तो रोखणाऱ्या अँटिऑक्सिडंट गोळ्या औषध. प्रत्यक्ष चाचण्यांनी तो मोडीत काढला. 1994 मध्ये फिनलंडमधल्या 29 हजार धूम्रपान करणाऱ्यांच्या चाचणीत बीटा-कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग वाढलेला दिसला. 2005 मध्ये क्युबेकमध्ये डोके-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्या 540 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असताना नवा कर्करोग होण्याचे प्रमाण उलट वाढले होते.

कारण आता उमगते. किरणोपचारही याच रॅडिकल्सनी गाठीच्या पेशी मारतात. त्या पेशीही काही कमी नाहीत; तगून राहण्यासाठी त्या स्वतःचा अँटिऑक्सिडंट बंदोबस्त वाढवतात. तिथे बाहेरून गोळ्या देणे म्हणजे शत्रूला रसद पुरवणे ठरू शकते. ताण कोणत्या पेशीत, कोणत्या वेळी, हाच खरा प्रश्न आहे.

म्हणून घरात कुणाचे किरणोपचार चालू असतील, तर 'ताकदीच्या' गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही, तर तपासून घ्या. आणि मावा, मशेरी, गुटखा आजच सोडा. गालातला हा ताण कमी करण्याचा याहून खात्रीचा उपाय विज्ञानाला अजून सापडलेला नाही.