नारळ, बॅटरी आणि कुंभाराचं गाढव

कुंभाराचं गाढव माती वाहून आणतं, त्या मातीचं मडकं होतं, तरीही न्यायशास्त्र गाढवाला मडक्याचं कारण मानत नाही. माती डोक्यावरून आणली असती तरी मडकं झालंच असतं. गाढवाला नेमकं कुठल्या दारातून बाहेर काढायचं यावर मात्र शास्त्रकारांचं एकमत नाही. अन्नंभट्ट ‘तर्कसंग्रहा’वरच्या स्वतःच्याच ‘दीपिके’त म्हणतो, ते दर वेळी हजर नसतं, म्हणून बाद. विश्वनाथ पंचानन त्याला पाच ‘अन्यथासिद्धां’मध्ये बसवतो, म्हणजे कार्य घडवण्यात ज्यांचा हात धरला जात नाही अशांमध्ये. त्याच यादीत कुंभाराचा बापही आहे. मी शिकवत होते तेव्हा या बापाशी आलं की वर्ग हमखास हसायचा.

वाईच्या थंडीत आमची जुनी डिझेल जीप पहाटे सुरू होईनाशी झाली आणि मला एकेक गाढव दिसू लागलं. सेल्फ जोरात फिरे, पण इंजिन काही पेट घेत नसे. शेजारच्या काकूंनी लिंबू-मिरची बांधली, बोनेटपुढे नारळ फोडला. नऊच्या सुमारास गाडी सुरू झाली. पुढे एका गॅरेजात नवी बॅटरी आणि नवा डिझेल फिल्टर बसला. भर दुपारी पहिल्याच सेल्फला गाडी सुरू. गॅरेजवाला म्हणाला, “बघा मॅडम, बॅटरीच गेली होती.” दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. तर्काच्या दृष्टीने तो नारळ आणि ती बॅटरी यांत मला काडीचाही फरक दिसत नाही. दोन्ही वेळा काम केलं ते चढलेल्या उन्हानं. सेल्फ आधीच जोरात फिरत होता, मग बॅटरीवर संशय घ्यायचाच कशाला?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून विसाव्या हिश्श्याच्या आसपास आणली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल आपसूक पेटतं. थंड लोखंड ही उष्णता खाऊन टाकतं, म्हणून अशा जुन्या इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो.

आमच्या गल्लीतले म्हातारे मिस्त्री पहाटे आले, सायलेन्सरपाशी उकिडवे बसले आणि मला सेल्फ मारायला सांगितला. पांढरा धूर आला. “धूर येतोय म्हंजे डिझेल पोचतंय, बाई. पेटत नाही, एवढंच.” धूर आलाच नसता तर पाइपात हवा शिरली का ते त्यांनी आधी पाहिलं असतं. धुरावरून अग्नीचं अनुमान हे शास्त्राचं लाडकं उदाहरण, आणि इथे धुरावरून अग्नी नसल्याचं अनुमान निघालं! नैयायिक याने गडबडणार नाही. तो म्हणेल, हा धूर नव्हेच, न जळलेल्या डिझेलची वाफ आहे; धुक्याला धूर समजण्याचा दोष आम्हाला जुना ठाऊक आहे.

मिस्त्रींनी हीटरांची जोडपट्टी काढली, टेस्ट लॅम्पची एक तार बॅटरीच्या प्लसला लावली आणि दुसरं टोक एकेका हीटरवर टेकवलं. चारपैकी दोघांवर दिवा लागलाच नाही. ते दोन बदलले, पहाटे गाडी सुरू झाली. मग मी हट्टाने जुने दोन परत लावायला सांगितले. मिस्त्री हसले, पण त्यांनी लावले. पहाटे नुसता पांढरा धूर. कारण असलं की कार्य घडतं, हा अन्वय झाला; कारण नसलं की कार्य घडत नाही, हा व्यतिरेकही झाला.

काकूंनी विचारलं, “म्हणजे देवानं काहीच केलं नाही का गं?” प्रश्न रास्त आहे. नैयायिक काही नास्तिक नव्हेत. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ लिहिली तीच ईश्वर सिद्ध करायला. पण त्यांचा ईश्वर, काल आणि दिशेप्रमाणे, प्रत्येक कार्याचं साधारण कारण आहे. गाडी सुरू झाली तरी तो आहे, धूर सोडून बसली तरी तो आहे. त्यामुळे काल का नाही आणि आज का, याचा जाब त्याला विचारता येत नाही. तो हीटरलाच विचारावा लागतो. नवसाला पावणाऱ्या देवापेक्षा हा ईश्वर मला मोठा वाटतो. बॅटरी विकणाऱ्याशी त्याला श्रेयासाठी भांडावं लागत नाही. काकूंनी नारळ जरूर फोडावा, खोबरं मीही खाल्लं.

तुमच्या गॅरेजवाल्याने चार वस्तू एकदम बदलून दुपारी गाडी सुरू करून दाखवली, तर पैसे देण्याआधी एवढंच विचारा: गाडी रात्रभर गार होऊ दिली होती का, आणि जुनी वस्तू परत लावून पाहिली का?