शेवटचं बटण

सदऱ्याचं बटण लावणं आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की त्यातली गुंतागुंत जाणवतच नाही. एका चिमटीत बटण तिरकं धरायचं, दुसऱ्या हातानं काज उघडं ठेवायचं, पलीकडून डोकावलेली कड बोटांनी ओढून घ्यायची. आणि एवढा वेळ मान, पाठ, खांदे स्थिर हवेत. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला यातली प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे कमवावी लागते.

व्यवसायोपचारात, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीत, हे बऱ्याचदा शेवटाकडून शिकवतात. आईनं चार बटणं लावायची, पाचवं काजातून अर्धं बाहेर काढायचं, मुलानं ते फक्त ओढायचं. ते जमलं की त्याच्या अलीकडची पायरी. पहिल्यापासून शिकवलं तर मूल अर्ध्यावर अडतं आणि उरलेलं कुणीतरी घाईनं उरकतं. इथं मात्र काम पुरं करणारे हात रोज त्याचेच असतात. या साध्या उलटापालटीत मुलाविषयी केवढा आदर आहे!

आपल्याकडे व्यवसायोपचाराची ही विद्या आणली कमलाबाई निंबकर यांनी. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, क्वेकर कुटुंबात जन्मलेल्या एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर इथल्या झाल्या. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 साली त्यांनी व्यवसायोपचाराचं विद्यालय सुरू केलं, ते आशियातलं पहिलं. दोनच वर्षांनी या विषयाची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. पुढे अमेरिकेत जीन एअर्स यांनी संवेदनांच्या एकात्मीकरणाचा सिद्धांत मांडला. गणवेशाची कॉलर टोचते म्हणून आकांत करणारं, केस कापताना किंचाळणारं मूल हट्टी असेलच असं नाही, त्याला तो स्पर्श खरोखर असह्य होत असू शकतो, हे पालकांना समजावण्याची भाषा त्यातून मिळाली.

पण पद्धती बाहेरून आल्या तरी दिवस इथलाच असतो. एका हातानं पोळीचा तुकडा मोडणं हे बोटांचं मोठं कसब आहे. काट्याचमच्यावर बेतलेल्या तपासणीत ते कुठून दिसणार? वरणभात कालवणं, मांडी घालून पंगतीत टिकणं, शिरोरेषा ओढताना पेन्सिलीवर नेमका दाब देणं, हेच इथल्या मुलाचे व्यवसाय. आणि खेळणं तर सर्वांत आधी.

आमच्या घरांत प्रेम भरवण्यातून व्यक्त होतं. आजी घास भरवते, त्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. प्रत्येक गोष्ट मुलानं एकट्यानंच करावी, हा आग्रह आपल्या एकत्र जगण्याला मानवणारही नाही. मात्र प्रेम आणि घाई यांची गल्लत होते. शाळेची रिक्षा दाराशी उभी असताना बटण शिकवू नये. रविवारी दुपारी शिकवावं.

घरी करायच्या व्यायामांचा भलामोठा कागद आईच्या हाती ठेवणं हा मला अन्याय वाटतो. तिला आई राहू द्यायला हवं. कणीक मळताना शेजारी बसलेल्या मुलाला एक गोळा दिला, बादलीतून तांब्यानं पाणी घेणं त्याच्याकडे सोपवलं, की हातांना काम मिळतं आणि घराच्या दिवसात वेगळा तास शोधावा लागत नाही. जो उपचार घराचा भार वाढवतो, तो कितीही शास्त्रशुद्ध असला तरी टिकत नाही. ज्यानं सकाळची रडारड थोडी कमी होते, तो टिकतो.

तुमच्या घरात अशा अडचणी असलेलं मूल असेल तर ‘मोठं झालं की जमेल’ म्हणून वाट पाहत राहू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर मुलांसाठी ‘डीईआयसी’ म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. जिल्हा रुग्णालयात त्यांची चौकशी करा. आणि जाताना निदानाच्या फायलीबरोबर दिवसातला सर्वांत अवघड वाटणारा एक प्रसंग ठरवून जा: जेवण, आंघोळ की शाळेची तयारी. तिथूनच सुरुवात करायला सांगा.