पदवीची किंमत, पदवीचे मोल



निकालांचे दिवस आले की आमच्याकडे येणाऱ्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "फादर, मुलगा बी.एस्सी. झाला. आता एम.एस्सी., मग पीएच.डी. म्हणतो. शिकू द्यावे, की नोकरीला लावावे?" लालबागहून आलेली एक आई तर म्हणाली, "गळ्यातली चेन मोडायची तयारी आहे. पण उपयोग होईल ना?"

आम्हांला लगेच 'हो' म्हणता आले नाही. २०१९ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत आलेली बातमी पुष्कळांना आठवत असेल. मंत्रालयाच्या उपाहारगृहात वेटरच्या १३ जागा होत्या. शिक्षणाची अट होती चौथी पास. अर्ज आले सुमारे ७,००० आणि निवडलेल्या १३ जणांपैकी १२ जण पदवीधर निघाले.

मग आपल्या भागात पदवीवर एवढा विश्वास कुठून आला? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतले असंख्य पुन्हा कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. वीस-वीस वर्षांचा हातातला कसब एका संपात निकामी झाला. परळ-लालबागच्या चाळींनी त्यातून धडा घेतला : गिरणी बंद पडते, पण प्रमाणपत्र कोणी काढून घेत नाही. तो धडा चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. प्रमाणपत्र हातात राहते, त्याची बाजारातली किंमत मात्र घसरू शकते. पीएच.डी. झालेले किती तरी जण आज आपल्या राज्यात तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास, तितके पैसे. सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेच २०२३ साली ठरवले.

मग उच्च शिक्षण व्यर्थ म्हणायचे का? याच परळच्या एका चाळीकडे पाहू या. पोयबावडीच्या बी.आय.टी. चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षे राहिले. कोलंबिया विद्यापीठात शिकून ते १९१७ साली बडोद्याला नोकरीवर गेले, तेव्हा त्या शिक्षणाने त्यांना राहायला साधी खोलीसुद्धा मिळवून दिली नाही. जातीपुढे पदवी हरली. नोकरी सोडून त्यांना मुंबईला परतावे लागले. निव्वळ करिअरचा हिशेब मांडला असता तर तो तिथेच तोट्यात निघाला असता. तरीही ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्या विद्येने पुढे काय केले, हे देशाला ठाऊक आहे.

मात्र त्या विद्येची किंमत कोणी मोजली? ते परदेशी असताना रमाबाईंनी मुंबईत हलाखीत संसार ओढला. पदवीच्या कागदावर एकच नाव असते. तिच्यासाठी झिजलेले हात बहुधा दुसऱ्याचे असतात.

म्हणून 'उपयोग होईल का?' या प्रश्नात आम्हांला दोन प्रश्न दडलेले दिसतात. किंमत म्हणजे पदवीमागे मिळणारा पगार. तो आपल्या हातात नसतो. मोल म्हणजे त्या विद्येने माणूस काय होतो आणि कोणाच्या उपयोगी पडतो. पुढे शिकू इच्छिणाऱ्याने स्वतःला विचारावे : उद्या हवी ती नोकरी मिळाली नाही, तरी हा विषय मला शिकायचा आहे का? माझ्या शिक्षणाचा भार घरात कोणावर पडतो आहे? धाकट्या बहिणीचे शिक्षण तर त्यात अडत नाही ना? आणि हे खरे चित्र मी आईला सांगितले आहे का? उत्तरे प्रामाणिक असतील, तर खुशाल शिकावे. 'नोकरी नाही, तोवर आणखी एक पदवी' एवढेच कारण असेल, तर थांबावे. आय.टी.आय. करण्यात किंवा चार वर्षे काम करून मग पुढे शिकण्यात कसलाही कमीपणा नाही.

आणखी एक गोष्ट. उपाहारगृहातली ती बातमी वाचून आपण पदवीधर वेटरबद्दल हळहळलो. पण ताट वाढणे हे हलके काम नाही. आपण हळहळायला हवे होते ते त्या चौथी पास माणसासाठी. ती जागा त्याच्यासाठी होती आणि त्याच्या हातून तीही गेली. आपल्या पदव्यांची चढाओढ सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला ढकलत असेल, तर तो प्रश्न केवळ करिअरचा राहत नाही, न्यायाचा होतो.

त्या आईला आम्ही एवढेच सांगितले, "चेन मोडण्याआधी मुलाला समोर बसवा. पगार किती मिळेल, हे नंतर विचारा. आधी विचारा, शिकून कोणाच्या कामी येणार आहेस?"