काही न उघडणाऱ्या किल्ल्या

आमच्या नातीच्या पर्सला सध्या एक केसाळ बाहुले लोंबकळते आहे. लांब कान, विचकलेले दात. नाव ‘लबुबू’. कासिंग लंग नावाच्या चित्रकाराने ते २०१५ साली जन्माला घातले आणि फिरत फिरत ते नाशिकच्या कॉलेज रोडवर येऊन पोचले.

“याचा उपयोग काय?” मी विचारले.

“गोड दिसतं ना, आजोबा!”

माणसाने उपयोगाच्याच वस्तू बाळगाव्यात, या मताचा मी. माझी कीचेनच पाहा. तिला नेलकटर आहे, बाटलीचे बूच काढायची सोय आहे, चिमुकली विजेरी आहे. पंधरा वर्षांत मी तिने एकही बाटली उघडलेली नाही, विजेरी कधीच मिटली आणि नेलकटर नखे सोडून खिशाचे अस्तर तेवढे कापतो. शिवाय ही उपयुक्त वस्तू आठवड्यातून दोनदा हरवते. नातीने स्कूटरची किल्ली त्या बाहुल्याच्या कडीत अडकवली आहे. ती कधी हरवत नाही.

उपयोग म्हणजे तरी काय हो? जपानी किमोनोला खिसे नसत. कमरपट्ट्याला थैली लटकवायची आणि ती निसटू नये म्हणून वर एक कोरीव गुंडी लावायची. तिला म्हणत ‘नेत्सुके’. १८६८ नंतर पाश्चात्त्य कपडे आले, खिसे आले आणि गुंडीचे काम सुटले. आज ती संग्रहालयात काचेआड मानाने बसली आहे.

आपल्या नऊवारीलाही खिसा नव्हता. म्हणून चांदीचा छल्ला. कमरेला खोचायचा, खाली किल्ल्या आणि घुंगरू. घरात सत्ता कोणाची, हे छल्ला कोणाच्या कमरेला आहे त्यावरून कळे.

माझ्या आईने तिचा छल्ला सुनेला दिला खरा, पण कधी? जुन्या नाशकातला आमचा वाडा पाडल्यावर! कोठीचे दार गेले, फडताळ गेले, तेव्हा. ही काही बोलली नाही. त्या दिवशी आमटीत मीठ मात्र नव्हते. पुढे एकदाच म्हणाली, “कुलपं होती तोवर किल्ल्या सासूबाईंच्या. कुलपं गेल्यावर माझ्या.”

गेल्या दिवाळीत तो छल्ला मोडून दोन वाट्या कराव्यात, म्हणून मी सराफ बाजारात नेला. सराफाने किल्ल्या काढून बाजूला ठेवल्या.

“यांचं वजन धरत नाही, काका.”

रास्तच होते. पण तो बोडका छल्ला तराजूत पाहिला आणि वाटले, कोठीची किल्ली देणे म्हणजे काम सोपवणे. ज्याने काहीच उघडत नाही ते देताना मात्र माणूस फक्त आपली आवडती वस्तू देतो. हे सत्य, की मुलाने आईची केलेली वकिली? अजून ठरत नाही. मी किल्ल्या परत अडकवल्या आणि घरी आलो.

हिला सगळे सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे वाट्या नाहीत.”

परवा मी नेहमीप्रमाणे किल्ली हरवून जिन्यात बसलो होतो. खालून घुंगरू वाजले. नात वर येत होती. पर्सला बाहुले आणि शेजारी छल्ला, किल्ल्यांसकट.

“आजीनं दिला. मी विचारलं, यानं काय उघडतं? तर म्हणाली, काही नाही गं, गोड दिसतं ना!”

एवढे बोलून तिने दार उघडले.