आढळले नाही

राजोडीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की वाळूवर एक लिखाण उमटू लागतं. मोहरीएवढ्या, साबुदाण्याएवढ्या वाळूच्या गोळ्या, एकेका बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. बिळातला खेकडा बोटाच्या नखाएवढा. वाळूचा घास तोंडात घ्यायचा, तिला चिकटलेलं सूक्ष्म अन्न काढून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची, हा त्याचा ओहोटीभरचा उद्योग. काही तासांत हजारो बिळांभोवती हजारो नक्ष्या तयार होतात. मग भरती येते आणि सगळं पुसलं जातं. ऐन भरतीला इथे आलेल्या माणसाला सुरूच्या बनापुढे फक्त पाणी दिसेल. त्याने वहीत ‘किनाऱ्यावर जीव आढळले नाहीत’ असं लिहिलं तर तो खोटं बोलला असं म्हणता येणार नाही. त्याला खरोखरच काही आढळलेलं नसतं.

माझं काम या वाक्याशी आहे. रस्ता, पूल, बंदर, वसाहत असं काही उभं राहायचं असलं की त्याच्या पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल तयार होतो. त्यातलं वन्यजीवांचं प्रकरण तपासून शेरे लिहिणं हे जीवशास्त्रज्ञ म्हणून माझ्याकडे येतं. लोकांना वाटतं, मी प्राण्यांची यादी पाहत असेन. यादी मी शेवटी पाहते. आधी शोधते ती पाहणीची तारीख, आणि समुद्रकाठची जागा असेल तर भरती-ओहोटीची वेळ. मे महिन्यात केलेल्या पाहणीत राजोडी, कळंब, भुईगावच्या पट्ट्यावर कुरवांचे थवे दिसणार नाहीत. ते थंडीतले पाहुणे. मिठागरांच्या चिखलात टिपत फिरणारा टिलवा पंचवीस-तीस ग्रॅमचा पक्षी; त्याची वीण होते आर्क्टिकच्या टुंड्रात. मे महिन्यात तो तिकडे निघालेला असतो. त्या महिन्यात तो इथे ‘आढळला नाही’, एवढंच ते पान सांगू शकतं. पुढे सारांशात मात्र त्याचं ‘या क्षेत्रात स्थलांतरित पक्षी नाहीत’ असं होतं. ‘आढळले नाही’चं ‘नाही’ होताना त्यातला एक शब्द कुठे गळला, ते शोधत बसणं म्हणजे माझी नोकरी.

दोष सगळा पाहणी करणाऱ्यांचा नाही. पर्यावरण मंजुरीविषयीच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार जी पद्धत रूढ आहे, तीत साधारणपणे एका हंगामाची नोंद मागितली जाते, आणि तीही पावसाळा वगळून. हवेतल्या धुळीसाठी हे योग्यच आहे. पावसात धूळ धुऊन जाते. पण तेच वेळापत्रक बेडकालाही लागू होतं. कोकणपट्टीत जीवसृष्टीचं अर्धं आयुष्य त्या वगळलेल्या चार महिन्यांत घडतं. मासे अंडी घालायला उथळ पाण्यात चढतात, खेकडे बिळं सोडतात, रानभाज्या उगवतात, बेडकांची वीण होते. आपण वर्षातले नेमके भरलेले दिवस बाजूला ठेवतो आणि उरलेल्या दिवसांत जागा रिकामी सापडली असं लिहितो.

वसईत राहून मला हे अधिक बोचतं, कारण इथलं सगळं पाणी बावखलांत साठतं. वाडीच्या कडेला, नारळी-केळीच्या सावलीत खणलेली ही गोड्या पाण्याची तळी. पूर्वी त्यांच्यावर रहाट चालत. पावसाचं पाणी त्यांत थांबतं, मुरतं आणि समुद्राकडून जमिनीखाली सरकणारं खारं पाणी मागे रेटून धरतं. आगाशीची केळी आणि इथला भाजीपाला त्यावर उभा आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा लोकांच्या मनात विहिरींचं आणि बावखलांचं पाणी होतंच. पण कागदावर बावखलाला नाव नाही. पिकाखाली न येणाऱ्या जमिनीसाठी सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ असा शब्द आहे. पाणकोंबडी, कासव, खंड्या, बेडूक आणि शेजारच्या चार विहिरींचं पाणी, हे सगळं त्या एका शब्दाच्या पोटात बसवायचं.

कागदावर नसलेलं ओळखण्याची एक जुनी गोष्ट इथल्याच एका नावाशी जोडलेली आहे. राजोडीपासून जवळच सोपारा आहे, एकेकाळचं शूर्पारक बंदर. तिथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणवल्या जाणाऱ्या टेकाडातून पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये बौद्ध स्तूप उकरून काढला. पालीत या बंदराचं नाव सुप्पारक, आणि त्याच नावाचा एक नायक जातककथांमध्ये आहे. कथा घडते भरुकच्छात, म्हणजे आजच्या भडोचला. तो दर्यावर्दी होता. खाऱ्या पाण्याने त्याचे डोळे गेले. मग राजाने त्याला आपला पारखी नेमलं. राजहत्ती होण्याजोगा म्हणून एक हत्ती आणला गेला, तेव्हा सुप्पारकाने त्याच्यावरून हात फिरवला आणि सांगितलं की हा मागच्या पायांत अधू आहे, कारण जन्मताना आईला तो झेलता आला नाही आणि तो जमिनीवर पडला. घोड्यावरून हात फिरवून म्हणाला, याला आईचं दूध मिळालेलं नाही. रथ चाचपून म्हणाला, याचं लाकूड पोकळ झाडाचं आहे. दर वेळी पारख खरी निघाली, दर वेळी राजाने त्याला आठ नाणी दिली, आणि अखेर तो ते काम सोडून घरी परतला.

या कथेवर मी वर्षानुवर्षं थांबून राहिले आहे. हात फिरतो तो आज समोर उभ्या असलेल्या हत्तीवरून; कळतो मात्र त्याच्या जन्माचा क्षण. पारख म्हणजे समोरच्या वस्तूत तिचा काळ वाचणं. कथेच्या उत्तरार्धात व्यापारी त्याला जहाजावर नेतात आणि वादळ त्यांना अनोळखी समुद्रांत लोटतं. खलाशी पाण्यात काय दिसतं ते सांगतात, आणि त्यावरून सुप्पारक हा कोणता समुद्र ते ओळखतो. डोळे त्यांचे, ओळख त्याची. अहवाल वाचताना मीही तशीच असते. ती जागा मी पाहिलेली असतेच असं नाही. कुणी तरी पाहिलेलं माझ्यापुढे शब्दांत येतं. त्या शब्दांत भरतीची वेळ नसेल, पावसाळा नसेल, तर समुद्र ओळखायचा कसा?

अहवालाचं अभ्यासक्षेत्र बहुतेक वेळा प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरचं वर्तुळ असतं. राजोडी मध्यभागी धरून ते काढून पाहावं. अर्नाळ्याचा किल्ला त्यात येतो, सोपाऱ्याचा स्तूप येतो. तुंगारेश्वरचा डोंगर बाहेर राहतो, आणि जवळजवळ निम्मं वर्तुळ समुद्रात जातं. तिथली नोंद बहुधा काठावर उभं राहूनच केलेली असते. किनारा नियमनाच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावरच्या ना-विकास क्षेत्राची रुंदी ठरते ती माणसांच्या दाटीवरून: २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक वस्ती असेल तर भरतीरेषेपासून ५० मीटर, त्याहून विरळ असेल तर २०० मीटर. या आकड्यांत माणूस आहे, आणि त्याच्या घराची गरज खरी आहे. चिखल्यांच्या थव्याला भरतीच्या वेळी विसावायला किती मीटर कोरडी वाळू लागते, हा प्रश्न मात्र त्या सूत्रात कुठेच येत नाही. शिवाय मोकळी वाळू आपल्या डोळ्यांना ओसाड वाटते. तिथे सुरू लावले की आपण हिरवाई वाढली म्हणतो, आणि वाळूवर जगणाऱ्यांची जागा आकसली हे आपल्या मनातही येत नाही.

माझ्या टेबलापर्यंत येतं त्यापेक्षा न येणारं अधिक आहे, हे मला सर्वांत जास्त खातं. २०,००० चौरस मीटरच्या आतलं बांधकाम पर्यावरण मंजुरीच्या कक्षेबाहेर. एका बावखलावर भराव पडतो, मग शेजारच्या. प्रत्येक भराव एवढा लहान की त्याची छाननी होत नाही. वीस वर्षांनी गावाचं पाणी मचूळ होतं आणि त्याचा अहवाल कुणीच लिहिलेला नसतो.

तपासणीने काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही. विरारवरून जाणाऱ्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी ५३,४६७ खारफुटीची झाडं तोडावी लागतील असा सुरुवातीचा हिशोब होता. ठाणे स्थानकाची रचना बदलली, आणि पुढे तो सुमारे २२,००० वर आला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तेवढ्यांना परवानगी दिली. उरलेल्या तीस हजारांहून अधिक झाडांखालच्या चिखलात आज निवट्या उड्या मारत असतील, तर ते कुणी तरी ‘दुसरी आखणी शक्य आहे का’ असं विचारलं म्हणून. पण उत्तरं काळाबरोबर बदलतातही. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये होकार दिला. पंचवीस वर्षांत तिथल्या समुद्राला काय नवं झालं, हा प्रश्न किनाऱ्यावरचे मच्छीमार विचारतात आणि तो मला टाळता येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका मोठ्या रस्त्याच्या आखणीत वसईतलं एक बावखल आलं होतं. अहवालात लिहिलं होतं: हंगामी पाणथळ, उभयचर आढळले नाहीत. तारीख एप्रिलची. मी वाडीत गेले तेव्हा मे होता, आणि तळाशी वीतभर हिरवं पाणी होतं. वाडीतल्या आजी मला म्हणाल्या, “आता काय बघते, बाय? मिरग लागू दे.”

मृगानंतर दहाएक दिवसांनी मी रात्री पुन्हा गेले. आवाज गल्लीपासूनच येत होता. बावखल काठोकाठ भरलं होतं. आजींनी विजेरी वर धरली आणि पाण्यावर ओणवलेल्या फांदीवर पांढऱ्या फेसाचा मुठीएवढा गोळा दाखवला. झाडावरच्या बेडकाचं ते घरटं. अंडी फेसात असतात. काही दिवसांनी पिल्लं बाहेर येतात, फेस पातळ होतो आणि ती एकेक करून खाली पडतात. मादीने जागा निवडताना खाली पाणी आहे एवढं धरून ठेवलेलं असतं. मी वहीत तारीख, वेळ आणि फेसाची पाण्यापासूनची उंची लिहिली, सव्वा मीटर. मग फांदीखालच्या पाण्याची खोली मोजायला आजींनी कुंपणातला एक बांबू उपसून माझ्या हातात दिला.