सही कुणाची, कष्ट कुणाचे

अँटेना हा विषय नीतिशास्त्रात मोडतो, हे आमच्या बी.कॉम.ला कुणी शिकवलं नव्हतं. (नीतिशास्त्रही नव्हतं, म्हणा.) पण पूर्वी माळवदावर जो माशाच्या काट्यासारखा ॲल्युमिनियमचा सांगाडा उभा असे, तो आठवून पाहा. एवढ्या दांड्या, पण वायर जोडलेली एकीलाच. मागची लांब दांडी लहरी परतवायची, पुढच्या आखूड दांड्या त्यांना वाट दाखवायच्या. त्यांच्यामुळेच लांबच्या घरातही चित्र दिसे. पण 'सिग्नल आला' याचं श्रेय जोडलेलीला! आमच्या शाखेत हुबेहूब हीच रचना आहे. व्हाउचर मी लिहितो, वायर साहेबांच्या केबिनला.

या अँटेनाला जगभर 'यागी' म्हणतात. १९२६ साली जपानच्या तोहोकू विद्यापीठातून तो जगापुढं आला. प्रयोगांची हमाली बहुतेक शिंतारो उदा यांची. हिदेत्सुगु यागी हे त्यांचे प्राध्यापक. १९२८ साली यागींनी इंग्रजीत लेख लिहिला आणि नाव झालं यागींचं. पुढं १९४२ साली सिंगापूर जिंकल्यावर जपान्यांना ब्रिटिशांच्या कागदांत 'यागी' हा शब्द सापडला. अर्थ कळेना, तेव्हा म्हणे तो ब्रिटिश कैद्याला विचारावा लागला! जिथं यागींनाच घरचे ओळखेनात, तिथं उदांना कोण पुसतो?

मग यागी चोर? छे. त्याच लेखात उदांच्या कामाचा उल्लेख आहे. 'यागी-उदा' म्हणायचा लोकांनी कंटाळा केला, बस्स. म्हणजे रक्कम गेली, पण नावे कुणाच्या टाकायची ते कळत नाही. अशा वेळी आम्ही सस्पेन्स खातं उघडतो आणि ऑडिट येईपर्यंत निवांत झोपतो.

परभणीत १९८७ साली 'रामायण' सुरू झालं, तेव्हा रविवारी सकाळी आमचा थोरला चुलतभाऊ माळवदावर चढायचा.

"आलं का?"

"आलं, आलं! अरे, गेलं की! दादा, तसंच धर!"

तो तसाच धरून उभा राही. खाली टीव्हीला हार, उदबत्ती, आणि टीव्हीचे मालक म्हणून काकांना नमस्कार. दर्शन खालच्यांना, वनवास वरच्याला. दादानं कधी तक्रार केली नाही, हे खरं. पण ज्यानं तक्रार केली नाही त्याचं देणं बुडीत खात्यात टाकायचं, हा कुठला हिशेब? मला विचाराल तर, ज्याच्या नावावर काम चालतं त्यानं दुसऱ्याचं नाव एकदा लेखात लिहून भागत नाही. ते व्याजासारखं दर तिमाहीला भरावं लागतं. (साहेब हे वाचणार नाहीत, त्यांच्याकडे फक्त सहीला येतं.)

उदा पुढं १९५० नंतरच्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत येऊन काम करून गेले. आपण त्यांना विसरलो म्हणावं, तर तसंही नाही. मराठीच्या प्रत्येक गाइडात त्यांचं नाव पानोपानी छापलेलं असतं : 'उदा.' आणि पुढं लगेच दुसऱ्याच कुणाचं तरी नाव.